पीडीईची सुरुवात चौकोनी वहीपासून करा की हो

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

पत्र लिहायला कारण आमची पोरगी. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मॅथ्स घेतलंय, आणि यंदा तिला पार्शल डिफरन्शियल इक्वेशन, म्हणजे पोरांच्या भाषेत पीडीई आहे. एखादी गोष्ट जागेप्रमाणं आणि वेळेप्रमाणं कशी बदलते ते सांगणारं समीकरण. वही चाळली तर लाग्रांजची मेथड, चार्पिटची मेथड, असल्या सोडवायच्या ठराविक रीतींनी पानंच्या पानं भरलेली आणि गणितं सगळी बरोबर. मी शिरोलीला फौंड्रीत, डिप्लोमावाला माणूस, हल्ली सिम्युलेशनच्या कॉम्प्युटरवर बसतो. सहज विचारलं की बाळ, यातनं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, किती वेळात थंड होईल ते काढता येतं काय? तर म्हणाली, बाबा तसलं पेपरात येत नाही. आता पीडीई जन्माला आलं तेच असल्या प्रश्नांतनं आणि पोरांना तेवढंच सोडून बाकी सगळं शिकवायचं, हे काय मला पटलं नाही.

मग रात्री जेवण झाल्यावर चौकोनाची वही घेऊन बसलो दोघं. एक सळई धरली, दोन्ही टोकं बर्फात, म्हणजे कायम 0 डिग्री, आणि मधे तीन बिंदू, तिन्ही 80 डिग्रीला. नियम एकच. प्रत्येक बिंदूनं दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी बघायची आणि तिच्याकडं निम्मं अंतर चालायचं. हीट इक्वेशन, म्हणजे उष्णता कशी पसरते त्याचं पीडीई म्हणतात ते एवढंच सांगतंय हो, शेजाऱ्यांच्या सरासरीपासनं तू जेवढा लांब तेवढ्या वेगानं बदल. पहिली ओळ 80, 80, 80. दुसरी 60, 80, 60. तिसरी 50, 70, 50. चौथी 42.5, 60, 42.5. सळई थंड व्हायला लागली, ते पण पेन्सिलीनं!

मग मी मुद्दाम म्हटलं, घाई आहे, निम्मं नको दुप्पट अंतर उडी मार. 80, 80, 80 चं झालं 0, 80, 0. मग 80, उणे 80, 80. आणि त्याच्या पुढं उणे 160, 240, उणे 160. पोरगी हसायलाच लागली, बाबा बर्फातली सळई 240 डिग्री झाली म्हणून. हसू दे, पण हे एकदा हातानं बिघडवून बघितल्याशिवाय स्टॅबिलिटी, म्हणजे आकडे ताब्यात राहणं, काय असतं ते डोक्यात बसत नाही. या पद्धतीत सरासरीच्या पलीकडं उडी मारायची नाही, आणि बिंदू दुप्पट जवळ घेतले तर वेळेचं पाऊल, म्हणजे एका ओळीपासनं पुढच्या ओळीपर्यंतचा वेळ, चौथाई करायला लागतं. आमच्या शॉपवर जुने लोक म्हणतात जाडी दुप्पट तर वेळ चौपट, ते हेच. गुऱ्हाळावर पण बघा की, गुळाचा मोठा रवा, म्हणजे ढेप, वरनं हाताला गार लागतो आणि आत किती वेळ गरम असतो.

खरी गंमत तिला पुढं सापडली, मला नाही. मधला आकडा भागिले कडेचा, असं ती करत गेली. 1.33 आलं, मग 1.4, मग 1.41. म्हणाली, बाबा हे वर्गमूळ दोनकडं चाललंय, म्हणजे साइनचा आकार आहे! सळई सगळी गरम असली की सुरुवातीचा आकार कसला का असेना, शेवटी साइनची एक कमान उरते आणि ती तशीच बसत जाते. फोरिये या फ्रेंच गणितीनं 1807 ला हेच धरून उष्णतेचा निबंध मांडला, तेव्हा आक्षेप घेणाऱ्यांत खुद्द लाग्रांज होता, ज्याच्या मेथडनं पोरीची वही भरलीय. पुस्तक यायला 1822 उजाडलं. सेपरेशन ऑफ व्हेरिएबल्स, म्हणजे जागेचा भाग आणि वेळेचा भाग वेगळा करून सोडवायची रीत, आता तिला आपोआप कळलं, कारण उत्तर कसलं दिसतं ते आधी बघितलेलं.

कॉलेजात पहिले दोन आठवडे एवढंच करून घ्या, एक्सेल असलं तर उत्तम, नसलं तर वही. मेथडी मग येऊ देत.

आणि एक विनंती तुम्हाला. पावसाळ्यात तुम्ही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी छापता, 39 फूट इशारा, 43 धोका, अख्खं कोल्हापूर तो आकडा आधी बघतं आणि मग चहा घेतं. पण एका जागेचा आकडा म्हणजे नुसती वेळेची गोष्ट झाली. त्याच तासाला नदीनं खाली रुईला किती, इचलकरंजीला किती, शिरोळला किती हे एका तक्त्यात द्या, म्हणजे जागा पण आली आणि वेळ पण, एक धरून ठेवायचं आणि दुसऱ्याप्रमाणं बदल बघायचा, हा पार्शल शब्दाचा अर्थ तिथंच कळतो. नदीच्या पाण्याची इक्वेशनं सेंट व्हेनां या फ्रेंच इंजिनियरनं 1871 लाच मांडून ठेवलीत, आणि खाली नृसिंहवाडीला कृष्णेचा फुगवटा आला की पंचगंगा का उतरत नाही हे आमच्याकडं शेंबड्या पोराला पण ठाऊक आहे, फक्त असल्या कडेच्या अटीला, आमच्या सळईच्या टोकांच्या बर्फासारख्या, बाउंड्री कंडिशन म्हणतात हे कुणी सांगितलेलं नाही. जागा नसली तर सिनेमाच्या जाहिराती जरा बारीक करा, पण तक्ता द्या.

आपला,
एक फौंड्रीवाला, कोल्हापूर