राखीव यंत्रणांचा हिशेब खुला करा

मा. पायाभूत सुविधा मंत्री यांस,
सस्नेह नमस्कार.

वीजपुरवठा, रेल्वे सिग्नल, जलशुद्धीकरण अशा मोठ्या यंत्रणांना मंजुरी देताना आपल्यापुढे विश्वासार्हतेचा एक आकडा ठेवला जातो. तो कोणत्या गृहीतकांवर उभा आहे, हे जनतेसमोर मांडणे बंधनकारक करावे, एवढ्यासाठीच हे पत्र.

समजा, एक बंद पडला तर दुसरा राखीव हवा म्हणून दोन पंप बसवले आहेत. गरजेच्या वेळी एक पंप सुरू न होण्याची शक्यता हजारात 1 असेल, तर दोन्ही पंप दगा देण्याची शक्यता गुणाकाराने दहा लाखांत 1 येते. हा गुणाकार दोघांचे बिघाड एकमेकांवर मुळीच अवलंबून नसतील तरच खरा. दोघांना वीज एकाच फलकातून मिळत असेल किंवा दोघांची देखभाल त्याच सदोष पद्धतीने होत असेल, आणि त्यामुळे एकूण बिघाडांपैकी 10 टक्केच सामाईक कारणाचे निघाले, तरी ही शक्यता दहा हजारांत 1 च्या आसपास जाते. शंभर पटींचा हा फरक अहवालाच्या पहिल्या पानावर कधीच दिसत नाही, याची मला खरोखर काळजी वाटते.

4 जून 1996 रोजी एरियन 5 अग्निबाणाच्या पहिल्याच उड्डाणात दिशादर्शनाचे दोन संच होते, पण सॉफ्टवेअर दोघांत एकच; आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा संगणकात त्याच्यासाठी ठेवलेल्या 16 बिटांच्या जागेत मावला नाही आणि आधी राखीव, मग लगेच मुख्य संच बंद पडला. जपानमधील फुकुशिमा दाइची अणुऊर्जा प्रकल्पात 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत बहुतेक राखीव डिझेल जनरेटर किंवा त्यांचे वीजफलक एकाच वेळी पाण्याखाली गेले. सहाव्या अणुभट्टीचा, वेगळ्या इमारतीतला आणि हवेने थंड होणारा एक जनरेटर मात्र चालू राहिला, आणि त्याच्याच विजेवर पाचवी व सहावी अणुभट्टी सावरली. राखीव यंत्रांच्या संख्येपेक्षा त्यांचे वेगळेपण तिथे कामी आले.

म्हणून प्रत्येक मंजुरीपूर्वी दोषवृक्ष (कोणत्या लहान बिघाडांतून संपूर्ण यंत्रणा बंद पडू शकते, हे दाखवणारी आकृती), सामाईक कारणांचे विश्लेषण आणि ज्या नोंदींवरून बिघाडाचे दर काढले त्या नोंदी स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासून घ्याव्यात आणि निष्कर्ष एका आकड्याऐवजी किमान ते कमाल अशा मर्यादांत जाहीर करावा. कंत्राटदार व्यावसायिक गोपनीयतेचे कारण पुढे करतील. यंत्राची रचना गुप्त ठेवूनही गृहीतके सांगता येतात, हे आपण त्यांना ठामपणे सांगावे. सध्या मंजुरीच्या प्रतीक्षेत असलेल्या प्रकल्पांपासूनच हा नियम लागू करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक विश्वासार्हता अभियंता