पडदा विकत घेण्यापूर्वी त्यावर अक्षरेही वाचून पाहू द्यावीत

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरील आणि मॉनिटरांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हापासून आमच्या ठाण्यात ज्यांच्या घरी कोणी ना कोणी संगणकावर बसून काम करते, अशा अनेक कुटुंबांत एकच विचार चाललेला ऐकू येतो : मॉनिटर वेगळा कशाला घ्यायचा, त्याच पैशांत मोठा फोर-के टीव्ही घेऊ आणि संगणक त्यालाच जोडू. आम्हीही हाच विचार केला होता. मी नौपाड्यात राहते आणि गेली २२ वर्षे मराठी पुस्तकांचे मुद्रितशोधन करते. आमच्या घरात एक शयनगृह आणि एक बैठकीची खोली आहे, त्यामुळे दोन पडद्यांची जागा एकाने वाचली तर ती आम्हाला हवीच होती. तो निर्णय का फसला हे मला तपशिलाने सांगायचे आहे, कारण दुकानात आम्हाला दिलेली माहिती अपुरी होती आणि इतरांनाही ती तशीच दिली जात असणार.

विक्रेत्याने आम्हाला सांगितले, ‘फोर-के म्हणजे फोर-के, टीव्ही असो नाही तर मॉनिटर, दोन्ही एकच.’ पडद्यावरचे चित्र ज्या बारीक ठिपक्यांनी (पिक्सेलनी) बनते, त्यांच्या संख्येपुरते हे खरे आहे. आडवे ३८४० आणि उभे २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके दोन्हींवर असतात. परंतु पडदा २७ इंची असो वा ५५ इंची, ठिपके तेवढेच राहतात आणि पडद्याबरोबर प्रत्येक ठिपका मोठा होत जातो, हे तो बोलला नाही. २७ इंची फोर-के मॉनिटरवर एका इंचात सुमारे १६३ ठिपके बसतात, ४३ इंची टीव्हीवर १०२ आणि ५५ इंची टीव्हीवर अवघे ८०. कचेऱ्यांमधून सर्रास दिसणाऱ्या साध्या २४ इंची फुल एचडी (म्हणजे फोर-केच्या चौथाई ठिपक्यांच्या) मॉनिटरवर हा आकडा ९२ असतो. म्हणजे आम्ही हौसेने आणलेला ४३ इंची फोर-के टीव्ही हातभर अंतरावरून पाहिला, तर त्या साध्या मॉनिटरपेक्षा फारसा बारीक नव्हता आणि ५५ इंची घेतला असता तर तो त्याहून भरडच निघाला असता.

ज्याला बैठकीत बसून मालिका आणि क्रिकेटचे सामने पाहायचे आहेत, त्याला याची काळजी करण्याचे कारण नाही. आमच्याकडे सोफा आणि समोरची भिंत यांत आठ फूट अंतर आहे. ४३ इंची साध्या फुल एचडी पडद्याचे ठिपकेसुद्धा साडेपाच फुटांपलीकडून सामान्य नजरेला सुटे दिसत नाहीत, मग आठ फुटांवरून फोर-केचा बारकावा कुठून दिसणार? तेथे चित्राचा उजेड, काळ्या रंगाची खोली आणि बाजूने पाहताना टिकणारे रंग यांनाच अधिक महत्त्व आहे. वाचणाऱ्या माणसाचे काम मात्र दोन-अडीच फुटांवर चालते आणि त्या अंतरावर सगळा हिशोब उलटा होतो.

टीव्ही घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी एका कादंबरीचे दुसरे मुद्रित उघडले. प्रथम लक्षात आले की पानाच्या चारही कडा पडद्याबाहेर गेल्या आहेत आणि खालची पट्टी अर्धीच दिसते आहे. टीव्ही आलेले चित्र किंचित मोठे करून दाखवतो, ही जुन्या प्रक्षेपणाच्या काळापासून चालत आलेली सवय आहे, आणि ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी लागते. नंतर माउसचा बाण धक्के खात सरकू लागला. माझ्या जुन्या लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट (टीव्हीला जोडणारी तार जेथे बसते ते तोंड) १.४ आवृत्तीचा होता आणि त्यातून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाऊ शकते. ६० वेळा जाण्यासाठी दोन्ही टोकांना किमान २.० ही आवृत्ती लागते. टीव्हीवर एचडीएमआयची तीन तोंडे आहेत म्हणून ती तिन्ही सारखीच असतील, असेही धरून चालता येत नाही.

हे दोष निदान डोळ्यांना लगेच कळणारे होते. खरी अडचण अक्षरांची होती. मी दुरुस्त्या लाल अक्षरांत करते. एका ओळीत ‘त्याचा’ खोडून मी ‘त्यांचा’ केले आणि पुन्हा वाचू लागले, तेव्हा तो लाल अनुस्वार शिरोरेषेवर विरघळल्यासारखा दिसत होता. टिंब आहे की नाही, हे पाहण्यासाठी मला पडद्यापाशी वाकावे लागले. ‘दऱ्या’मधला र, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतला उकाराचा फरक, सगळ्याच बारीक खुणांच्या कडांना रंगाची पुसट झालर आली होती. काळ्या अक्षरांत ती कमी होती, लाल आणि निळ्या अक्षरांत अधिक. मराठीत एका टिंबाने एकवचनाचे अनेकवचन होते आणि ते टिंब सांभाळण्याचेच मला पैसे मिळतात. चष्म्याचा नंबर वाढला असावा असे समजून मी डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली होती.

कारण पुढे माझ्या पुतण्याने शोधले. चित्रपट आणि मालिका साठवताना आणि पाठवताना उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची स्वतंत्र ठेवतात, रंगाची मात्र चार ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून एकच ठेवतात. माणसाचा डोळा उजेडातला फरक जितका बारीक टिपतो तितका रंगातला टिपत नाही, म्हणून चेहरे आणि डोंगर पाहताना ही काटकसर कोणाच्या ध्यानातही येत नाही. एक-दोन ठिपक्यांच्या जाडीचे लाल अक्षर मात्र तिने लगेच फिसकटते. बरेच टीव्ही संगणकाकडून आलेल्या चित्रालाही हीच वागणूक देतात. त्या एचडीएमआय तोंडाला सेटिंगमध्ये ‘पीसी’ असे नाव दिले की काही टीव्ही प्रत्येक ठिपक्याचा पूर्ण रंग दाखवू लागतात. आमच्या टीव्हीने दाखवला. पुतण्याचा नवा संगणक जोडल्यावर मग त्यावर अनुस्वार स्वच्छ उमटला. पण काही टीव्हींमध्ये ही सोयच नसते आणि खोक्यावर त्याविषयी एक अक्षरही छापलेले नसते.

मॉनिटर घ्या म्हटले की सगळे प्रश्न मिटतात असेही नाही. ३२ इंची मॉनिटर जर फुल एचडी असेल तर त्यावर इंचाला ६९ ठिपकेच येतात, म्हणजे तो आमच्या टीव्हीपेक्षाही भरड. आमच्याच इमारतीतील एका शेजाऱ्यांनी उलट दिशेची चूक केली. जागा लहान म्हणून त्यांनी टीव्हीऐवजी मॉनिटर भिंतीवर लावला आणि सेट-टॉप बॉक्स जोडल्यावर लक्षात आले की त्याला स्पीकरच नाहीत. आता त्यांच्या सासूबाईंना मालिका पाहण्यापूर्वी तीन बटणे दाबावी लागतात.

आमच्या टीव्हीची रंगाची अडचण सुटली तरी मानेची सुटली नाही. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ सेंटिमीटर उंच असतो. टेबलावर ठेवला की त्याची वरची कड बसलेल्या माणसाच्या कपाळाच्याही वर जाते आणि ओळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना डोळ्यांबरोबर मानही फिरवावी लागते. तीन आठवड्यांनी माझा उजवा खांदा दुखू लागला. टीव्ही परत घ्यावा म्हणून आम्ही दुकानात गेलो, तर ‘पेटी उघडली आहे, टीव्हीत बिघाड नाही’ असे उत्तर मिळाले. बिघाड नव्हता हे खरेच होते. आम्ही ज्या कामासाठी तो मागितला होता त्या कामासाठी तो नव्हता आणि ते काम आम्ही पहिल्याच वाक्यात सांगितले होते. शेवटी टीव्ही बैठकीच्या भिंतीवर गेला आणि मी २७ इंची मॉनिटर वेगळा घेतला. जो खर्च टाळायचा होता तोच दुप्पट झाला.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. हा हक्क पडद्यांच्या बाबतीत पाळला जात नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानात लावलेल्या प्रत्येक टीव्हीवर फुलपाखरे, समुद्राचे तळ आणि रंगीत फळे फिरत असतात, आणि पडद्याची सगळी उणीव झाकण्याचे सामर्थ्य त्या चित्रांत आहे. मजकुराचे एक साधे पान तेथे कोणी लावत नाही. माझी विक्रेत्यांना विनंती आहे की ग्राहकाने संगणकासाठी पडदा मागितला तर त्याला एक खुर्ची द्यावी, दोन-अडीच फुटांवर बसवावे आणि त्याचाच लॅपटॉप जोडून पांढऱ्या पानावरची लाल आणि काळी मराठी अक्षरे दहा मिनिटे वाचू द्यावीत. उत्पादकांनी खोक्यावर इंचांच्या आकड्याशेजारी एका इंचातील ठिपके, कोणत्या तोंडातून सेकंदाला किती वेळा पूर्ण आकाराचे चित्र येते आणि संगणकाला पूर्ण रंग मिळतो की नाही, एवढ्या तीन गोष्टी छापाव्यात. त्या मराठीत छापल्या तर ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या कितीतरी घरांना त्यांचा उपयोग होईल.

आमच्या परिसरात मुंबई ग्राहक पंचायतीचे सभासद बरेच आहेत. त्यांनी हा विषय हाती घ्यावा असे मला वाटते. आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. दसरा आणि पाडव्याच्या सुमारास आपल्या पुरवण्यांमध्ये टीव्हीच्या पानभर जाहिराती येतात. त्याच पुरवणीत एखाद्या जाणकाराकडून अंतर, आकार आणि ठिपके यांचा हिशोब मांडणारे अर्धे पान लिहून घ्यावे आणि ते जाहिरातींच्या आधीच्या पानावर छापावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक मुद्रितशोधक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)