ललिते, एवढं क्रिएटिनिन बघत जा

ह्यूस्टन, रविवार

प्रिय ललिते,

परवा इमर्जन्सीत एक पेशंट बघितला आणि तेव्हापासून तुझ्याशी मनातल्या मनात बोलतेय. घरी सांगितलं तर "फार मनाला लावून घेतेस" एवढंच ऐकायला मिळालं. तुला कळेल. बीडकडच्या धारूरला ऊसतोड मजूर तपासताना सोबत तू होतीस.

एल साल्वादोरचा माणूस, उसुलुतानकडचा, वय पस्तिशीच्या आसपास. पाय इतके सुजलेले की बुटाच्या नाड्या सोडून आला होता, आडवं होता येईना. आमच्याकडं येणारे बहुतेक हिस्पॅनिक पेशंट साखरेचे असतात. बांधकामावर, हॉटेलच्या किचनमध्ये राबणारे मेक्सिकन. विमा नाही, म्हणून साखर कधी तपासलेली नाही, आणि अंगावर सूज आली की थेट आमच्या दारात. याचं मात्र वेगळंच. साखर नॉर्मल, बीपी बेताचं, लघवीत प्रोटीन किरकोळ, आणि सोनोग्राफीत दोन्ही किडन्या खारकेसारख्या आक्रसलेल्या.

मग डाव्या नडगीवर नजर गेली. कोयत्याचा जुना वण. अगं, तसल्या नडग्यांना आपण दोघींनी किती टाके घातलेत! मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, ऊस तोडायचास का? तर गड्यानं खाटेवर बसल्या बसल्या वाकून दाखवलं, डाव्या हातात ऊस कसा धरायचा आणि बुडख्यात घाव कुठं घालायचा. बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून फडात. तिकडं आधी फड पेटवतात आणि मग तोडतात, आपल्यासारखं गुरांसाठी वाढं राखायचं नसतं. तेवढा फरक सोड. बाकी टनावर पैसे म्हणून न थांबणं तेच, पाण्याची कळशी लांब तीच, आणि रात्री अंग ठणकलं की दुखण्याची गोळी तीच.

या आजारावर सान साल्वादोरच्या डॉक्टरांनी 2002 मध्येच लिहिलं होतं : साखर नाही, बीपी नाही, तरी तरण्याताठ्या शेतमजुरांच्या किडन्या जातायत. निकाराग्वात चिचिगाल्पाजवळच्या एका वस्तीला लोक विधवांचं बेट म्हणतात, इतके तोडणीवाले गेले. 2013 मध्ये तिकडच्या सगळ्या देशांच्या आरोग्य संघटनेनं ठराव करून हे संकट मान्य केलं. कीटकनाशकांवरही संशय आहे, पण सगळ्यात जास्त बोट जातं ते उन्हाकडं. घामानं आटलेल्या अंगानं ढोरमेहनत, रोज किडनीला थोडी इजा, आणि हंगामामागून हंगाम. चिचिगाल्पाच्या कारखान्यानं सावली, पाणी आणि सक्तीची विश्रांती सुरू केली, तेव्हा ती इजा कमी झाली. म्हणजे हे थांबवता येतं गं. मला राग येतो तो याचाच.

आणि इथं येऊन त्याच्या वाट्याला काय आलं? 1972 च्या कायद्यानं या देशात किडनी गेलेल्या जवळपास सगळ्यांना सरकारी डायलिसिस मिळतं. कागदपत्रं नसतील तर नाही. अशा माणसानं जीव जायला आला की इमर्जन्सीत यायचं. किडनी गेली की रक्तात साचणारं पोटॅशियम पुरेसं चढलेलं असेल, ईसीजी बिघडलेला असेल तरच डायलिसिसचं मशीन. मंगळवारी त्याला दुसऱ्या एका हॉस्पिटलनं परत पाठवलं होतं, आकडा अजून तेवढा वाईट नाही म्हणून. पोटॅशियम चढावं म्हणून मुद्दाम केळी खाऊन येणारे पेशंट असतात, ललिता. ज्यांना आपण केळं खाऊ नका म्हणून बजावतो, ते!

डॅलसमध्ये असेच पेशंट मोजले, ते 2019 मध्ये छापून आलं. ठरल्या दिवशी डायलिसिस मिळणाऱ्यांतले वर्षभरात 3 टक्के गेले, इमर्जन्सीच्या भरवशावर राहिलेल्यांतले 17 टक्के. वर खर्चही ठरल्या दिवसाच्या डायलिसिसचाच कमी. डेन्व्हरच्या डॉ. लिलिया सर्व्हांतेस यांनी हे लावून धरलं आणि त्याच वर्षी कोलोरॅडोनं नियम बदलला. आमच्या टेक्सासनं नाही. माझ्या या पेशंटचं नाव काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, डायलिसिस केंद्राच्या यादीत घातलंय. खुर्ची रिकामी झाली तर आठवड्यातून तीनदा मिळेल. रोज सकाळी आधी तिथं फोन लावते.

आता तुझ्याकडं येते. डायक्लोच्या, त्या दुखण्यावरच्या, इंजेक्शनवरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो, आठवतंय? तुझं म्हणणं, बाईचा खाडा पडला तर मुकादमाची आगाऊ उचल कशी फिटायची, इंजेक्शन दे. मी अडून बसले. शेवटी मेसच्या महाराजानं समेट केला, त्यालाही तू वरण वाढता वाढता क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ताची तपासणी, समजावलं होतंस आणि तो बिचारा तुला प्रोफेसरीणबाई म्हणायला लागला. ते भांडण मी आज परत उकरतेय. डायक्लो देऊ नकोस गं, किडनीला बाधतं, फडावरून आलेल्यांना तर नकोच. पॅरासिटामॉल दे आणि पाणी पाज.

आणि एक काम कर. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळ्या परत आल्या की तुझ्याकडं येणाऱ्यांचं क्रिएटिनिन बघत जा, आणि दसऱ्यानंतर निघायच्या आधी परत एकदा. बायकांचंही, अख्खा कोयता, म्हणजे नवराबायको दोघंही, तपास. नुसत्या लघवीच्या पट्टीवर जाऊ नकोस, यात प्रोटीन फारसं जातच नाही. किटचे पैसे मी पाठवते, त्यावर वाद घालायचा नाही. मुकादमाला तुझ्या शब्दाची किंमत आहे, त्याला दुपारच्या सावलीचं तूच सांग.

माझं बरं चाललंय, पाठ अधूनमधून धरते. नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? ऋतुजाला म्हणावं बारावीचं टेन्शन घेऊ नकोस, मावशीला एक फोन कर. वरच्या मजल्याचं बांधकाम कुठवर आलं?

टोळ्या परतायच्या आत उत्तर पाठव, लिहूनच. फोनवर तुझ्या दारात कायम पेशंट असतो आणि माझं अर्धं बोलणं तोच ऐकतो.

तुझीच,
विजू