ऑफसेट विकायचं नाही

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

आपल्या प्रेससाठी तू पाठवलेलं डिजिटल छपाई मशीनचं कोटेशन नीट वाचलं. मशीन चालू असताना फोनवर धड बोलणं होत नाही म्हणून लिहितोय. डिजिटल घ्यायला माझी ना नाही, पण त्यासाठी आपलं प्लेटांवर छापणारं ऑफसेट मशीन विकायचं हे काही मला पटत नाही बघ.

ऑफसेटचा खर्च सगळा सुरुवातीला. चार कलरच्या चार प्लेटा, त्या चढवायच्या, शाई-पाण्याचं जमवायचं, रजिस्टर जुळेपर्यंत, म्हणजे चारही रंग एकावर एक नेमके बसेपर्यंत, शे-दोनशे शीट वाया, आणि पावसाळ्यात कागद ओल धरतो तेव्हा तर अजून जास्त. पण एकदा जुळलं की मशीन पळतं आणि पुढचं शीट अगदी स्वस्तात पडतं. डिजिटलला प्लेट नाही, पहिलंच शीट गिऱ्हाइकाला देण्याजोगं निघतं, पण क्लिक चार्ज, म्हणजे दर छापामागे द्यायचे पैसे, पहिल्या शीटला जेवढा तेवढाच दहा हजाराव्याला. समजा कागद सोडून ऑफसेटला सुरुवातीचे ३००० रुपये आणि पुढे शीटला २ रुपये, डिजिटलला शीटला ८ रुपये, म्हणजे ५०० शीटला दोन्ही सारखेच. त्याच्या खाली डिजिटल परवडतं, वर ऑफसेट. हे आकडे हिशोबापुरते धरलेत, खरे तू आपल्या बिलांवरून काढ.

आता आपली कामं बघ. ऑगस्ट-सप्टेंबरला पतसंस्थांच्या सभा, त्यांचे अहवाल, मग दूध संघाची हँडबिलं, पावती पुस्तकं. हे डिजिटलवर टाकलं तर नफा सगळा क्लिकमध्येच जाणार. उलट शंभर-दोनशे पत्रिका, प्रत्येकीवर पाहुण्याचं नाव वेगळं, नाहीतर शाळेची सर्टिफिकेटं, हे ऑफसेटला जमतच नाही, फार तर नंबरिंग करता येतं. असली कामं आपण आज परत पाठवतो आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, तेवढ्यासाठी डिजिटल पाहिजेच.

अजून एक. परवा एकाने बाहेरून डिजिटलवर केलेली पत्रिका दाखवली, गडद मरून रंग, आणि घडीवर टोनर, म्हणजे डिजिटलची पावडरची शाई, फुटून आतला पांढरा कागद रेघेसारखा दिसत होता. ऑफसेटची शाई थोडी तरी कागदात मुरते, टोनर वितळून वर बसतो, त्यामुळे घडीच्या आधी क्रीजिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच पाडणं, लागतंच, गडद रंगाला लॅमिनेशनही केलेलं बरं. म्हणजे क्रीजिंग मशीनचे पैसे त्या कोटेशनच्या वर धरायचे. सगळं डिजिटल टोनरचंच असतं असं नाही, बेनी लांडाने १९९३ ला इंडिगो नावाचं डिजिटल मशीन आणलं त्यात पातळ शाई असते आणि ऑफसेटसारखं शाई कागदावर उतरवणारं ब्लँकेटसुद्धा, छपाई ऑफसेटच्या बरीच जवळ जाते, पण ती किंमत आपल्या गावच्या धंद्याला झेपणारी नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, लगेच कर्ज काढू नको. दिवाळीपर्यंत छोटी कामं घ्यायला लागू, ती शहरातून डिजिटलवर करून आणू, त्यात नफा थोडा कमी राहिला तरी चालेल, पण महिन्याला किती शीट निघतात ते वहीत लिहून ठेव. तेवढ्या कामात हप्ता निघत असेल तर मी स्वतः बँकेत येतो. आणि सेल्सवाल्याला आत्ताच विचारून ठेव, क्लिक चार्ज ए-थ्रीचा सांगितलाय की ए-फोरचा, दोन्ही बाजू छापल्या की किती क्लिक धरणार, ड्रम आणि फ्यूजर हे मशीनचे भाग एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, आहेत का. तोंडी नको, लेखी घे.

तुझे पप्पा