सही घेता, मग आधी विचारा तरी!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी भाची पुण्यात नोकरीला आहे. साखरपुड्याच्या तीन दिवस आधी ती तिथल्याच एका चांगल्या मोठ्या पार्लरमध्ये अप्परलिप वॅक्स करायला गेली आणि पट्टी ओढली तसं केसांबरोबर वरचं कातडंच निघालं. ओठाच्या वर डाव्या बाजूला करंगळीच्या नखाएवढं लालभडक, ओलं. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोत पोरीने मान एका बाजूला वळवलेली आहे. नंतर कळलं की तिला तीन महिन्यांपासून पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनोइनची गोळी चालू होती. या गोळीने कातडी नाजूक होते, म्हणून ती चालू असताना आणि बंद केल्यावरही निदान ६ महिने वॅक्स करायचं नसतं, ही गोष्ट गोळीच्या माहितीपत्रकातच असते. डॉक्टरांनी ऊन टाळ, ओठ कोरडे पडतील हे सांगितलं होतं. वॅक्सचं सांगितलं होतं का, ते तिला आठवत नाही.

आणि पार्लरमध्ये? तिथे फॉर्म होता की! इंग्रजीत, बारीक अक्षरात, काउंटरवर उभ्या उभ्या एका हातात मोबाईल धरून सही करायचा. त्यात काय लिहिलेलं, तर काही त्रास झाल्यास पार्लर जबाबदार राहणार नाही. गोळ्या कुठल्या चालू आहेत, आधी कधी पुरळ आलं होतं का, चेहऱ्याला कुठलं क्रीम लावतेस, यातला एक प्रश्न नाही. ही संमती कशी म्हणायची हो? तिला धोका सांगितलाच नाही, मग ती हो कशाला म्हणाली?

मी स्वतः साताऱ्यात घराच्या पुढच्या खोलीत १४ वर्षं पार्लर चालवते, त्यामुळे घाईगर्दी काय असते ते मला माहिती आहे, लग्नसराईत बाहेर चार जणी बसलेल्या असतात आणि आतलीला प्रश्न विचारत बसायला जिवावर येतं. पण विचारायला दोन मिनिटं लागतात. मी एक वही ठेवलीय, नवीन बाई आली की पहिलं पान तिचं. आणि अनुभवाने सांगते, प्रश्न कसा विचारतो यावर सगळं आहे. "काही आजार आहे का?" विचारलं की सगळ्या नाही म्हणतात. मागे एक काकू फुल लेग्ज करायला आल्या, शुगर नाही, बीपी नाही, काहीच नाही म्हणाल्या, मग मी विचारलं रोज कुठली गोळी घेता, तर पर्समधून पाकीटच काढून दाखवलं, रक्त पातळ होण्याची गोळी! "ती होय, ती हार्टची आहे ना," म्हणाल्या. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं, त्यांच्या मते हार्टचा आणि पायाच्या केसांचा काही संबंधच नव्हता. अशा माणसाला वॅक्सने काळंनिळं पडू शकतं. शुगरवाल्यांची जखम लवकर भरत नाही आणि पायाची संवेदना कमी असेल तर वॅक्स गरम लागतंय हेही कळत नाही. गोरं व्हायचं म्हणून मेडिकलमधून स्टेरॉइडची ट्यूब आणून महिनोन् महिने लावणाऱ्या मुली तर खूप आहेत, त्यांची कातडी पातळ झालेली असते, आणि त्या त्याला औषध म्हणतच नाहीत, "क्रीम लावते" म्हणतात.

पॅच टेस्टचं तर कुणी नावच काढत नाही. बऱ्याच वॅक्समध्ये राळ असते, काहींना तिची ॲलर्जी असते, हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून २४ तास थांबलं तर बरंच कळतं. हेअर डायच्या पाकिटावर आधी टेस्ट करा म्हणून सूचना छापलेली असते, मग वॅक्सला का नको?

अजून एक, सही एकदा झाली म्हणजे कायमची झाली असं नाही. पुढच्या वेळी गोळी बदललेली असते, कुणी गरोदर असते, म्हणून दर वेळी विचारायचं. मधेच बस म्हणाली तर थांबायचं, बिकिनी वॅक्सला तर जास्तच. १८ च्या आतली मुलगी असेल तर आईशी बोलल्याशिवाय हात लावू नये. आणि भरलेले फॉर्म काउंटरवर उघडे टाकू नका, कोण कुठली गोळी घेते ते पुढच्या गिऱ्हाइकाने वाचायची गरज नाही.

बायकांनाही सांगते, "जबाबदार नाही" वर सही केली म्हणून तोंड बंद करून बसू नका. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत निष्काळजीपणा झाला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करून विचारता येतं. फोटो, पावती जपून ठेवा.

आणि स्किनच्या डॉक्टरांना हात जोडून विनंती, ही पिंपल्सची गोळी लिहून देताना चिठ्ठीवरच "वॅक्स करू नये" एवढं मराठीत लिहा. आम्ही विचारलं की पोरगी ती चिठ्ठीच आमच्या हातात देईल.

आपली,
एक पार्लरचालक, सातारा