दीपगृहं बंद करा म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जीपीएस आलं, आता दीपगृहं फक्त फोटो काढायला उरलीत असं हल्ली कुणीही सहज बोलून जातं आणि मला दरवेळी इंग्लंडच्या प्लिमथजवळचं एडिस्टोन आठवतं. भर समुद्रातला खडक, भरतीला पाण्याखाली जाणारा, किती जहाजं फुटली असतील तिथे. १६९८ ला हेन्री विन्स्टनलीने त्यावर पहिलं दीपगृह उभारलं, उजेड मेणबत्त्यांचा! १७०३ च्या वादळात ते वाहून गेलं, विन्स्टनली त्या रात्री आतच होता, तोही गेला. दुसरं लाकडी होतं, ते १७५५ मध्ये पेटलं. ९४ वर्षांचा राखणदार हेन्री हॉल खालून वर पाणी फेकत होता, छपराचं शिसं वितळून त्याच्या घशात गेलं. काही दिवसांनी तो वारला, पोटातून निघालेला तो शिशाचा तुकडा आजही स्कॉटलंडच्या म्युझियममध्ये ठेवलाय.

तरी लोकांनी तिसऱ्यांदा बांधलंच. जॉन स्मीटनने ग्रॅनाइटचे दगड असे कापले की प्रत्येक दगड शेजारच्यात अडकून बसेल, आणि पाण्यातही घट्ट होणारा चुना शोधून वापरला. १७५९ ला दिवा लागला. शंभर वर्षांवर टॉवर टिकला पण खालचा खडकच लाटांनी पोखरला, म्हणून १८८२ ला शेजारच्या खडकावर नवा बांधला आणि जुन्याचा वरचा भाग काढून प्लिमथला नेऊन उभा केला. बुंधा मात्र इतका पक्का की तो अजून तिथेच समुद्रात उभा आहे.

१९८२ पासून तिथे माणूस राहत नाही, सगळं ऑटोमॅटिक, ते ठीकच आहे, त्या एकटेपणात कुणाला ठेवायचं कशाला. पण दिवा लागलाच पाहिजे. जीपीएसचा सिग्नल वीस हजार किलोमीटरवरून येतो, पोचेपर्यंत अगदी क्षीण होतो, तो जॅम करता येतो, खोटा पण पाठवता येतो, आणि स्क्रीनवर जहाज भलतीकडेच दिसतं. अशा वेळी खलाशाने बाहेर बघून खात्री कशावरून करायची? प्रत्येक दीपगृहाची लुकलुक वेगळी ठेवतात ती त्यासाठीच. एडिस्टोनचे दर १० सेकंदाला दोन पांढरे झपके. घड्याळ धरून मोजले की कळतं आपण कुठे आहोत, त्याला सॅटेलाइट लागत नाही.

आपला,
एक वाचक