बाळ्या, ती कड सरळ होती

९ मार्च, रात्रीचा दीड
हॉस्टेल, पुणे

बाळ्या,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू दर दोन वाक्यांनी "बरं मग?" म्हणतोस आणि माझं सांगायचं तेच राहून जातं, म्हणून लिहितोय. साखरपुड्याला आलो नाही ते तर मनात आहेच. काकू रागावल्या, त्यांचं काही नाही, त्या रागावतात आणि मग चकल्या पाठवतात. तू एक शब्द बोलला नाहीस, ते जास्त लागलं. माझी तब्येत बरी आहे, सर्दी होती ती गेली. आईचं बीपी ठीक आहे म्हणते.

आता ऐक. तुला तो फोटो पाठवला होता ना, आपल्या गच्चीवरच्या रेडिओ अँटेनाचा, आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा सिग्नल म्हणून स्क्रीनवर मधोमध डोंगर आलेला, आणि तू खाली लिहिलेलंस "पांडू, आकाशगंगा!!!" आणि मग अण्णांना दाखवलास, अण्णांनी मार्केटात दाखवला, आईने पेढे वाटले. ती आकाशगंगा नाहीये. तो माझ्या लॅपटॉपचा चार्जर आहे.

दोन दिवस झाले मला कळून. तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

पहिल्यांदा एक सांगतो, तुझं सोल्डरिंग चांगलंय. दिवाळीत तू थिनरच्या डब्यात बसवलेली ती सव्वापाच सेंटीमीटरची तांब्याची तार, मी परवा तीच आधी हलवून बघितली, म्हटलं असेल बाळ्याचं काहीतरी कच्चं. नाही, घट्ट आहे. हॉर्नचं, म्हणजे त्या कर्ण्यासारख्या अँटेनाचं, पुठ्ठ्याचं तोंड जानेवारीतल्या दवाने थोडं वाकलं होतं, फॉइल दोन ठिकाणी नव्याने चिकटवली, बाकी सगळं तू ठेवून गेलास तसंच. वॉचमनकाकांना अजून वाटतं की आम्ही गच्चीवर पापड वाळवायचं काहीतरी केलंय, आणि तू म्हणालास कोंबड्यांचं खुराडं, तर आता अख्खं हॉस्टेल त्याला खुराडंच म्हणतं.

झालं असं. २८ ते ३१ जानेवारी, चार रात्री मी हॉर्न सरळ वर तोंड करून ठेवला. (हो, ३१. तू अंगठी घालत होतास तेव्हा मी गच्चीवर होतो.) हिशोब असा होता की त्या दिवसांत रात्री दहा वीसच्या सुमाराला मिथुनाचे पाय बरोबर डोक्यावर येतात, आकाशगंगेचा पट्टा तिथूनच जातो, आणि आपला हॉर्न आकाशाचा एवढा मोठा तुकडा एकदम बघतो की पट्टा सरकून जायला तास-दोन तास लागावेत. आणि आलं की रे तसंच! साडेनऊला डोंगर उभा राहिला, सव्वाअकराला बसला. मध्य काढ, दहा बावीस. मी गच्चीवर एकटा उड्या मारल्या. चारही रात्री तेच. मग इंटरनल्स आल्या, मग २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला डिपार्टमेंटमध्ये दाखवलं, पहिला नंबर, दोन हजार रुपये, सरांनी पाठ थोपटली आणि म्हणाले रिपोर्टसाठी अजून एक रात्र घे, मार्चमधली.

५ मार्चला घेतली. आणि ६ ला दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवले तर ते एकमेकांवर बसले. अगदी बसले रे. साडेनऊ ते सव्वाअकरा.

तुला आता कळलं असेल. आपल्याला हे आठवीपासून पाठ आहे, तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात. जान्स्की नावाच्या रेडिओ इंजिनिअरने १९३३ साली याच चार मिनिटांवरून ओळखलं ना, की त्याच्या अँटेनातली खरखर सूर्याचीही नाही आणि पृथ्वीवरचीही नाही, कारण ती २४ तासांनी नाही तर २३ तास ५६ मिनिटांनी परत येते. तूच मला ते विहिरीवर बसून सांगितलंस, मी तेव्हा कैऱ्या खात होतो. २८ जानेवारी ते ५ मार्च म्हणजे ३६ दिवस, म्हणजे जवळजवळ दोन तास वीस मिनिटं. मार्चचा डोंगर आठच्या आसपास यायला हवा होता. तो घड्याळ बघून येत होता. घड्याळ बघून येतं ते माणसाचं असतं.

७ तारखेला रात्री वर जाऊन नुसता स्क्रीनकडे बघत बसलो. आठ वाजले, काही नाही. नऊ, काही नाही. नऊ एकोणतीसला लॅपटॉपने बॅटरी कमी आहे म्हणून सांगितलं, मी सवयीने चार्जर लावला, आणि डोंगर उभा राहिला. चार्जर काढला, गेला. लावला, आला. मी सात वेळा केलं. सातव्यांदा हात थरथरत होता. मेस पावणेआठला आटपते, आठला मी वर येतो, या जुन्या लॅपटॉपची बॅटरी दीड तास टिकते आणि चार्ज पूर्ण व्हायला पावणेदोन तास लागतात. एवढंच. माझं जेवण, माझी बॅटरी, आणि त्याची मी आकाशगंगा केली.

आणि डोंगराचा आकार कुठून आला ते ऐक, ते सगळ्यात वाईट आहे. तो आकार डोंगलचा, म्हणजे लॅपटॉपला लावलेल्या त्या रेडिओ रिसीव्हरचा, स्वतःचा आहे, मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता. सगळ्या स्पेक्ट्रमला बॅकग्राउंडने, म्हणजे आकाशातला सिग्नल नसतानाच्या नोंदीने, भागायचं असतं, मी सुरुवातीला एकदाच घेतलेली बॅकग्राउंड नुसती वजा करत होतो. चार्जरने सगळीकडे गोंगाट वाढवला की वजाबाकीतून डोंगलचाच आकार वर यायचा. मी डोंगल हायड्रोजनच्या १४२०.४ मेगाहर्ट्झवर लावून बसलो, म्हणून डोंगर बरोब्बर १४२०.४ वर. अर्धा मेगाहर्ट्झ सरकवून बघितलं असतं तर तोही सरकला असता आणि पाच मिनिटांत निकाल लागला असता. आणि खरं तर तो बरोब्बर येणंच चूक होतं. मार्चच्या या दिवसांत पृथ्वी सूर्याभोवती फिरताना त्या दिशेपासून सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटरने लांब पळत असते, त्या एकट्या गोष्टीने हायड्रोजनची रेषा १४० किलोहर्ट्झ खाली दिसायला हवी. हे मी परीक्षेत लिहिलंय रे. मार्क मिळालेत त्याचे.

नऊ पूर्णांक आठ. लंबकावरून काढलेलं आपलं गुरुत्वाकर्षणाचं g. तुला तेच आठवलं ना?

खरं सांगू, त्या खोडदच्या प्रदर्शनानंतर मी चार महिने बोललो नाही, त्याचं मला वाईट वाटतं हे मी कधी सांगितलं नाही. मागे जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या डिश उभ्या, परीक्षक आपली वही बघून खूश झालेले, आणि तू म्हणालास, "सर, हे आकडे आम्ही नंतर लिहिलेत. आमचं ९.३ येत होतं." मला वाटलं जमीन फाटावी. आम्ही नाही, मी लिहिले होते. तू "आम्ही" म्हणालास हे मला कॉलेजात गेल्यावर लक्षात आलं. आणि नंतर तूच शोधलंस की आपण लंबकाची दोरी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत मोजत होतो, मध्यापर्यंत नाही, ३८ च्या जागी ४० धरलं की ९.८ आपोआप येतं. त्या ९.३ मध्ये खरी गोष्ट होती आणि मी ती खोडरबरने खोडली होती. पण तरी तू मला आधी बाजूला घेऊन सांगायला हवं होतंस, हे माझं अजून म्हणणं आहे. यावर आपण भांडू, पण आत्ता नको.

कारण आत्ताचं यापेक्षा वाईट आहे. चूक झाली, चार्जर लक्षात आला नाही, एवढंच असतं तर मी उद्या सरांना हसत जाऊन सांगितलं असतं. चुका होतात. मला झोप लागत नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. बाळ्या, ती कड सरळ होती. आकाश हॉर्नच्या समोरून सरकतं तेव्हा सिग्नल हळूहळू चढतो, टेकडीसारखा. माझा साडेनऊला भिंतीसारखा उभा राहिला होता, एका मिनिटात. मी दुसऱ्याच रात्री बघितलं होतं ते. बघितलं, पोटात काहीतरी झालं, आणि मी वीस मिनिटांचं सरासरी काढून टाकलं. ग्राफ छान दिसावा म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. कड गोल झाली. टेकडी झाली. मग सेमिनारमध्ये एका ज्युनिअर मुलीने विचारलंही, "सर, रॉ डेटा दाखवाल का?" (मला सर म्हणाली) आणि मी म्हटलं वेळ कमी आहे. वेळ होता. माझ्याकडे सहा मिनिटं उरली होती.

हे मी कुणाला सांगू? रूममेट म्हणेल अरे एवढं काय, सगळेच स्मूद करतात. करतातही, पण ते काय दाखवायचं म्हणून करतात आणि मी काय लपवायचं म्हणून केलं, हा फरक मला माहितीये आणि तुला माहितीये. नववीतला मी आणि आत्ताचा मी यात तेवढाच फरक की आता माझ्याकडे खोडरबरच्या जागी पायथनचा प्रोग्रॅम आहे.

मध्ये एक सांगायचं राहिलं. कपाट आवरताना ते पोस्टकार्ड सापडलं, नारळीकर सरांना लिहिलेलं, पत्ता तुझ्या अक्षरात, प्रश्न माझ्या. मुलांनी पोस्टकार्डावर प्रश्न पाठवला की सर उत्तर देतात म्हणून आपण केवढ्या घाईने लिहिलं आणि टाकायचं कुणी यावरून भांडलो आणि ते राहिलंच. २०२५ च्या मे महिन्यात सर गेले. मी ते परत कपाटात नाही ठेवलं, टेबलावर समोर ठेवलंय.

तर उद्या अकराला मी डिपार्टमेंटच्या सरांकडे जातोय. चार्जरचंही सांगणार आणि कडेचंही. रॉ डेटा पेन ड्राइव्हवर घेतलाय. दोन हजारातले बाराशे उरलेत, आठशेची चप्पल घेतली, तेवढे आईकडून मागावे लागतील आणि मग आईला का ते सांगावं लागेल, तिने पेढे वाटलेत रे, शेजारच्या आजींना "माझ्या पोराने आकाश पकडलं" म्हणून सांगितलंय. सरांपेक्षा मला तिची भीती वाटतेय. ती रागावणार नाही, ती म्हणेल "असू दे," आणि मग आत जाऊन भांडी घासत बसेल. त्या ज्युनिअर मुलीलाही शोधून ग्राफ दाखवणार आहे.

आता तुझ्याकडे काम. इथे गच्चीवर काही खरं नाही, चार्जर काढला तरी खाली दोनशे खोल्यांत दोनशे चार्जर आहेत, एलईडीच्या ट्यूबा आहेत, समोर टर्फचे दिवे. मला शांत जागा पाहिजे. तुमचा ओढ्यापलीकडचा तुकडा. तिथे ना घर ना विजेची डीपी. मोठ्या डिश आपल्या बाजूला काय उगाच नाही बांधल्या, हा भाग शांत होता म्हणून ती दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप सर तिथे आले. त्यांच्या जवळ मात्र नको जायला, आपल्या लॅपटॉपचा गोंगाट त्यांच्या डिशमध्ये जायचा. त्या तीस डिशनी जवळजवळ नऊ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजन पकडलाय, २०२३ ला पेपरात आलं होतं, तूच कात्रण पाठवलंस. मला फक्त डोक्यावरचा पाहिजे. १९५१ मध्ये युएन आणि पर्सेलने हार्वर्डला खिडकीतून हॉर्न बाहेर काढून हीच रेषा पहिल्यांदा पकडली, आणि खालून जाणारी पोरं त्या हॉर्नमध्ये बर्फाचे गोळे फेकायची. आपल्याकडे फार तर टोमॅटो.

शनिवारी पिकअप मोकळी असेल का? क्रेट उतरवून झाले की सकाळी पुण्याहून मला आणि खुराड्याला उचल. ट्रॅक्टरची बॅटरी लागेल, लॅपटॉप तिच्यावर चालवू, मी रूममेटकडून नवा लॅपटॉपही मागून ठेवलाय, त्याची बॅटरी पाच तास जाते. यावेळी डोंगल मुद्दाम बाजूला सरकवून लावायचं, बॅकग्राउंड दर अर्ध्या तासाने नवी घ्यायची, आणि वही तुझ्या हातात. आकडे तू लिहायचे, पेनाने. काहीच आलं नाही तर काहीच नाही असं लिही.

अण्णांचा गुडघा कसा आहे? भाव पडलेत असं ऐकलं, तू क्रेटमागे काय सुटतंय ते कळव, नुसतं "ठीक चाललंय" नको लिहू. वहिनींना नमस्कार, फोटोत तू त्यांच्यापेक्षा जास्त लाजलायस. लग्नाची तारीख कळव, मी महिनाभर आधी येऊन मांडवाचे बांबू उचलेन, शप्पथ.

शनिवारी १४ ला मिथुनाचे पाय सात वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी डोक्यावर येतात. सूर्य मावळला नसला तरी चालतं, पण साडेपाचला हॉर्न उभा पाहिजे, म्हणजे चढायला लागल्यापासून सगळं मिळेल. रविवारी यायचं म्हणालास तर चार मिनिटं आधी.

तुझा,
पांडू